पायऱ्यांना कुलूप

आज डोकं फिरलंय. लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

गेले तीन रविवार मी शहरातल्या जुन्या सार्वजनिक पायऱ्या शोधत पायी हिंडतेय. गाडीवरून त्या दिसतच नाहीत. दोन भिंतींच्या फटीतून अचानक वर निघतात, वळतात आणि भलत्याच रस्त्यावर नेऊन सोडतात. आत्तापर्यंत अकरा सापडल्या. एकीच्या कडेला सायकल ढकलत चढवता यावी म्हणून अरुंद पन्हळ काढलीय, इतका विचार केला होता कुणीतरी! बारावी मुद्दाम शेवटी ठेवली होती. माझ्या शाळेच्या वाटेवरची.

तिथे आज लोखंडी फाटक. कुलूप. आणि पाटी: 'येथे बसू नये.'

बसू नये? अहो, माझी आजी तिथे रोज बसायची! मला शाळेत सोडायला यायची. मधल्या रुंद टप्प्यावर पोचलो की म्हणायची, "थांब गं, तुझी नाडी सुटलीय." मी पाय पुढे करायचे. ती खाली बसायची, नाडी पूर्ण सोडायची आणि सावकाश, अगदी सावकाश पुन्हा बांधायची. मग कठडा धरून उठायची. मला वाटायचं, माझ्याच बुटांच्या नाड्या अशा कशा रोज सुटतात?

पायऱ्या म्हणजे नुसती ये-जा नव्हे, हे कुणाला सांगावं लागतं याचाच संताप येतो. रोममधल्या त्या जगप्रसिद्ध स्पॅनिश पायऱ्या 1725 साली पूर्ण झाल्या. जवळजवळ तीनशे वर्षं लोक त्यांवर टेकत आले आणि 2019 पासून तिथे बसलं की दंड! उलट अमेरिकेतलं पिट्सबर्ग बघा. टेकड्यांवरचं शहर, 700 हून जास्त सार्वजनिक जिने, आणि त्यातले कित्येक तिथे चक्क रस्ते म्हणून नोंदलेले, नावासकट. मुद्दा एवढाच आहे. पायऱ्या हा रस्ता आहे, आणि रस्त्याला कुलूप लावत नाहीत.

हो, रात्री तिथे बाटल्या फुटतात, मान्य. मग दिवा लावा ना! आणि ज्यांना पायऱ्या चढता येत नाहीत त्यांच्यासाठी उतार हवा, लिफ्ट हवी, तेही मान्य. त्यासाठी फाटक कशाला?

त्या दगडांवर मेहनत आहे हो. जुना हिशेब आहे: दोन पायऱ्यांची उंची आणि एका पायरीची पाऊल टेकायची रुंदी (पुढून मागे) मिळून साधारण साठ-पासष्ट सेंटिमीटर, म्हणजे माणसाचं एक पाऊल. दोन-तीन पायऱ्यांत पायाला तो ताल कळतो, मग नजर मोकळी होते. म्हणूनच एखादी पायरी सेंटिमीटरभर जरी उंच असली तरी ठेच लागते. आमच्या पायऱ्यांत टप्प्यानंतरची तिसरी तशी होती. आजी दरवेळी तिथे माझा दंड धरायची. शेवटच्या वर्षी मी तिचा धरायला लागले होते, कधीपासून ते आठवत नाही.

नाडीचं मला फार उशिरा कळलं. ती गेल्यावर कितीतरी वर्षांनी, एका जिन्यावर धाप लागली आणि सोबतच्या भाचीला मी म्हणून गेले, "थांब, फोन आलाय बहुतेक." फोन आला नव्हता. तिथेच कठड्याला टेकून रडले. आजीच्या छातीत भरून यायचं आणि मला कळू द्यायचं नव्हतं. रोज. चार वर्षं.

आज गजांमधून तो टप्पा दिसला. पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झाल्यात, त्या खळग्यांत वाळकी पानं साचलीत. कडेचा कठडा आहे तसाच आहे, फक्त हात लागायचा तिथली चकाकी जाऊन गंज धरलाय.

उद्या सकाळी वरच्या रस्त्याने जाऊन बघणार आहे. त्या टोकाला कदाचित फाटक नसेल. कुणाला यायचं असेल तर कळवा. चढ आहे, पण मध्ये थांबू.