युनायटेडने 200 मिलियन पाण्यात घातले म्हणणाऱ्यांसाठी

1 सप्टेंबर 2025 ला ट्रान्सफर विंडो (खेळाडू घ्यायची-विकायची मुदत) बंद झाली आणि तेव्हापासून एकच मेसेज सगळीकडे फिरतोय, प्रत्येक जण दोन शब्द इकडेतिकडे करून पुढे ढकलतोय. मँचेस्टर युनायटेडने 2025 च्या या उन्हाळ्यातही तीच चूक केली, मिडफिल्डर हवा असताना तीन फॉरवर्डवर (कुन्या, म्ब्युमो, सेस्को) जवळपास 200 मिलियन पाउंड उधळले, सेस्को म्हणजे दुसरा होयलुंड (आपला न चाललेला आधीचा स्ट्रायकर), अकॅडमीची पोरं विकून क्लबची ओळख विकली, बाकीचे कवडीमोलाने दिले, वर्ल्ड कप जिंकलेला कीपर मिळत असताना बेल्जियममधून कोणीतरी अनोळखी पोरगा आणला, आणि पहिल्या चार मॅचमध्ये सगळं उघडं पडलं. मेसेज लिहिणाऱ्याला राग आलाय आणि तो खरा आहे, छोट्याशा ग्रिम्सबीकडून हरल्यावर राग न येणारा माणूस मला भेटवा. पण रागात लिहिलेलं सगळंच बरोबर असतं असं नाही ना राव.

तीन फॉरवर्ड कशाला, इथून सुरू करू, कारण पूर्ण मेसेज याच खुंटीवर टांगलाय. गेल्या सीझनला (2024-25) प्रीमियर लीगमध्ये आपण युनायटेडवाले पंधरावे आलो, 42 पॉइंट, हे सगळ्यांना पाठ आहे. गोल किती खाल्ले? 54. आता हे बघा, फुलहॅमनेही 54 च खाल्ले आणि ते अकरावे आले. ब्रेंटफर्डने आपल्यापेक्षा जास्त खाल्ले, 57, ते दहावे. ब्रायटनने 59 खाल्ले आणि ते आठवे! मग फरक कुठे पडला तर पुढे. ब्रेंटफर्ड आणि ब्रायटनने प्रत्येकी 66 गोल मारले आणि आपण 38 मॅचमध्ये 44. आपल्यापेक्षा कमी गोल मारणाऱ्या टीम फक्त चार, एव्हर्टन आणि खालच्या डिव्हिजनमध्ये गेलेल्या तीन. लीगमध्ये आपले टॉप स्कोअरर ब्रुनो आणि अमाद, प्रत्येकी 8 गोल, होयलुंडचे 4, झर्कझीचे 3. म्हणजे आपल्या दोन्ही स्ट्रायकरचे मिळून 7, अख्ख्या सीझनला. बिल्बाओची ती युरोपा लीग फायनल आठवा, बॉल जवळजवळ पूर्ण वेळ आपल्या पायात आणि गोल शून्य, टॉटनहॅमसारखी सतरावी आलेली टीम ब्रेनन जॉन्सनच्या त्या ढकलाढकलीच्या गोलवर कप घेऊन गेली आणि चॅम्पियन्स लीगचं तिकीटही.

आता म्ब्युमोने त्याच सीझनला ब्रेंटफर्डसाठी 20 मारले आणि कुन्याने वुल्व्ह्जसारख्या खालच्या टीममध्ये 15. दोघांचे मिळून 35, आपल्या अख्ख्या टीमचे 44. म्ब्युमोचे काही पेनल्टीचे आहेत, असू द्या, तरी कमीच झाले का? आणि दोघंही याच लीगमध्ये खेळून आलेत, कुन्या तर वुल्व्ह्जमध्ये, आपला तेव्हाचा कोच अमोरिम वापरायचा त्याच 3-4-2-1 मध्ये (मागे तीन, मधे चार, पुढे दोन आणि एक स्ट्रायकर) स्ट्रायकरच्या मागे खेळत होता. त्याचा रिलीज क्लॉज (तेवढे भरले की त्याच्या क्लबला अडवता येत नाही) 62.5 मिलियन, तेवढे भरले आणि विषय संपला. गेल्या काही वर्षांत आपण माणूस आधी घेतला आणि त्याला कुठे खेळवायचं ते नंतर शोधलं, अँटनी घ्या, माउंट घ्या. यावेळी जागा आधी ठरली होती. आर्सेनलविरुद्धची मॅच ज्यांनी फक्त स्कोअर बघून सोडली त्यांनी एकदा परत बघा. 22 शॉट मारले आपण. कुन्या बॉल घेऊन थेट डिफेंडरच्या अंगावर जात होता, बाजूला पास देऊन मोकळं होणं नाही, थांबणं नाही, आणि त्याने एक-दोनदा असं केल्यावर आर्सेनलची लाइन मागे सरकायला लागली. ओल्ड ट्रॅफर्डवर समोरची टीम आपल्याला घाबरून मागे सरकलीय हे दृश्यच विसरायला झालं होतं, गेल्या सीझनला घरच्या लीग मॅच 9 हरलो आपण, नऊ!

सेस्को म्हणजे दुसरा होयलुंड. यात थोडं तथ्य आहे, तोही तरुण आहे, तोही बाहेरच्या लीगमधून आलाय आणि 66 मिलियनच्या वर पैसे मोजलेत. पण होयलुंड आला तेव्हा 20 चा होता आणि इटलीच्या अटालांटासाठी त्याचा लीगचा एकच सीझन, 9 गोल. सेस्को 22 चा आहे, बुंडेसलिगामध्ये लागोपाठ दोन सीझन, 14 आणि 13. फार मोठा फरक नाही, मान्य. मोठा फरक मागे कोण आहे त्यात आहे. होयलुंड गेल्या सीझनला 21 मॅच गोलशिवाय राहिला, आणि त्यातल्या कितीतरी मॅचमध्ये बिचाऱ्याला बॉक्समध्ये धड एक बॉल मिळाला नाही, तो धावायचा, हात वर करायचा, परत फिरायचा. त्याच्यावर सगळ्या गोलांचं ओझं टाकलं होतं. सेस्कोने पहिल्या वर्षी 10-12 मारले तरी चालतंय कारण बाकीचे मारणारे आहेत. जमेलच असं मी म्हणत नाही, जुगार आहेच तो, पण तिघांतला एकच जुगार आहे.

अकॅडमीची ओळख विकली हा मुद्दा वाचायला भारी वाटतो आणि तेवढाच गोंधळलेला आहे. चेल्सीला विकलेला गार्नाचो आपल्याकडे 16 वर्षांचा असताना ॲटलेटिको माद्रिदकडून आला. त्याच्यासाठी डोळ्यांतून पाणी काढणारे गेल्या वर्षी मॅकटॉमिने नापोलीला 25 मिलियनला गेला तेव्हा झोपले होते का, तो तर लहानपणापासून क्लबमध्ये होता, गेला आणि पहिल्याच सीझनला इटलीचा चॅम्पियन झाला, वर सेरी आचा सर्वोत्तम खेळाडू. रडायचंच असेल तर त्याच्यासाठी रडा.

आणि विकतात का, तर हिशोबामुळे. प्रीमियर लीगचा 2025-26 पर्यंतचा नियम असा की तीन वर्षांत मिळून 105 मिलियनपेक्षा जास्त तोटा दाखवता येत नव्हता, काही ठराविक खर्च त्यातून वगळायचे. आता खेळाडू विकत घेतला की त्याची किंमत कराराच्या वर्षांवर वाटली जाते, म्हणजे म्ब्युमोचे 65 मिलियन 5 वर्षांत, वर्षाला 13. पण अकॅडमीतून आलेला विकला की त्याची वहीत किंमत जवळपास शून्य, त्यामुळे चेल्सीने गार्नाचोसाठी दिलेले 40 मिलियन जवळजवळ सगळेच्या सगळे त्याच वर्षी नफा म्हणून दिसतात. एका गार्नाचोमध्ये तीन म्ब्युमोंचा वर्षाचा हप्ता निघतो. नियम मूर्खपणाचा होता, घरची पोरं विकायला भाग पाडायचा, यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे, पण तो युनायटेडने नाही बनवला. शिवाय या 2025-26 सीझनला युरोपातली स्पर्धाच नाही, 2014-15 नंतर पहिल्यांदा, म्हणजे तिकडून येणारे पैसेही गेले.

रॅशफर्डचं वेगळं आहे. तो खरंच आपला, सात वर्षांचा असल्यापासूनचा, आणि तो बार्सिलोनाच्या जर्सीत बघून मलाही कसंतरी होतं. पण डिसेंबरनंतर तो आपल्यासाठी एक मिनिट खेळला नव्हता, व्हिलाला लोनवर (म्हणजे उसना) जाऊन आला, कोचला तो टीममध्ये नको होता. ठेवून काय करणार होतो?

कवडीमोलाने विकले, हो, अँटनी जवळपास 80 मिलियनला घेऊन बेटिसला पाव किमतीत दिला, सँचो परत लोनवर, होयलुंड नापोलीला लोनवर. पण हा तोटा या उन्हाळ्यात झाला नाही, तो 2021 ते 2023 मध्ये सह्या करताना झाला, आत्ता फक्त बिल आलं. या लोकांच्या बाबतीत क्लबला शिव्या द्यायच्याच असतील तर एकाच गोष्टीसाठी द्या, ही माणसं आम्हाला नकोत हे जगजाहीर करून मग गिऱ्हाईक शोधलं. अख्ख्या गल्लीला घर सोडतोय म्हणून सांगायचं आणि मग सोफ्याला चांगला भाव मागायचा, कोण देणार?

कीपरचा मुद्दा एका वाक्याचा आहे. वर्ल्ड कपवाला एमी मार्टिनेझ विंडो बंद झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी 33 चा झाला, बेल्जियममधून आणलेला लॅमन्स 23 चा आहे आणि 18 मिलियनला आला. तिशीतला मोठा माणूस मोठ्या पगारावर आणायचा खेळ आपण कासेमिरोपासून रोनाल्डोपर्यंत खेळून झालोय. लॅमन्स चालेल की नाही ते कळेलच, पण आर्सेनलच्या त्या गोलवाल्या कॉर्नरला आपला कीपर बायिंदिर कसा हवेत हात मारत राहिला ते बघितल्यावर काहीतरी करणं भागच होतं.

आता चार मॅचचा निकाल. आर्सेनलकडून 1-0, फुलहॅमला 1-1, ग्रिम्सबीकडून लीग कपमधून बाहेर, आणि बर्नलीविरुद्ध 97 व्या मिनिटाला ब्रुनोच्या पेनल्टीवर 3-2. ग्रिम्सबीला माफी नाही. चौथ्या डिव्हिजनची टीम, आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू झालेली मॅच, पेनल्टी 12-11 पर्यंत गेल्या, कुन्याकडे संपवायचा चान्स होता तो अडला आणि शेवटी म्ब्युमोचा बॉल बारला लागला. नवीन आणलेलेच दोघं चुकले म्हटल्यावर मेसेज फिरणारच. पण आर्सेनल आठवतंय का, 2021? दोन वर्षं आठवे, युरोप नाही, व्हाइट, ओडेगार्ड, रॅम्सडेल वगैरे आणले आणि पहिल्या तीन लीग मॅचमध्ये एकूण 9 खाल्ले, मारला एकही नाही. तेव्हाही असेच मेसेज फिरत होते. ते त्या वर्षी पाचवे आले आणि पुढच्या वर्षी दुसरे. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर नवीन आलेल्या खेळाडूला पहिल्या हाफमध्येच घरी पाठवणारी पब्लिक मी बघितलीय, त्यामुळे मला याचं नवल नाही.

राहिला मिडफिल्ड, आणि इथे मेसेजवाला अर्धा बरोबर आहे. अमोरिमच्या सिस्टिममध्ये मधे दोनच माणसं, कुन्या आणि म्ब्युमो पुढच्या दोन जागांवर गेल्यावर ब्रुनो मागे सरकला, आणि फुलहॅमचा गोल बघा, इवोबीने क्रॉस टाकला, स्मिथ रो मधून पळत आत घुसला, त्याच्यासोबत धावायला हवं होतं ब्रुनोने आणि तो मागेच राहिला. ब्रुनोचं ते काम नाही. कासेमिरो 33 चा, उगार्ते अजून बॉल पायात आला की गडबडतो, माइनूला लीगमध्ये एकही स्टार्ट नाही आणि त्याने लोन मागितलं तर तेही नाही दिलं. हे सगळं खरं. पण तेवढ्याच पैशांत मिडफिल्डर आला असता हे खोटं. ज्याचं नाव सगळे घेत होते तो बलेबा, त्याला ब्रायटन यंदा विकायलाच तयार नव्हते, आणि हेच ब्रायटन 2023 मध्ये कैसेडोचे चेल्सीकडून 100 मिलियन अधिक 15 घेऊन बसलेले लोक आहेत. सेस्कोच्या पैशांत बलेबा येत नव्हता, सेस्को आणि लॅमन्स दोघांच्या पैशांतही नाही. बलेबा नाही तर दुसरा कोण याची यादी क्लबकडे होती का, हा प्रश्न विचारा, आणि फुटबॉल डायरेक्टर विल्कॉक्सला विचारा, कारण शेवटच्या आठवड्यापर्यंत तिथे काहीच हललं नाही. एखादा 25-30 मिलियनवाला, बॉल हिसकावून साधा पास देणारा पोरगा सुद्धा चालला असता. आता जानेवारीपर्यंत ब्रुनोलाच मागे धावावं लागणार, आणि 14 सप्टेंबरला एतिहादवर सिटीविरुद्ध तर चांगलंच धावावं लागणार.