मार्गशीर्षातली टर्की

थँक्सगिव्हिंगच्या सणाला अमेरिकेत घरोघरी टर्की भाजतात, म्हणजे कोंबडीचा धिप्पाड भाऊबंद. आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनच्या सुपरमार्केटात त्यासाठी नोव्हेंबरमध्ये स्कीम असते, ठरावीक रकमेचा किराणा घेतला की टर्की फुकट. फुकट म्हटल्यावर मराठी माणूस काय करतो हे वेगळं सांगायला नको. त्या फुकटच्या टर्कीपायी आम्ही एवढा किराणा भरला की त्यात मटणाचे दोन बेत झाले असते, पण पोरगं शाळेतून स्वतःच्या पंजाची आउटलाइन काढून त्याची टर्की रंगवून आणतं आणि "आपल्याकडेच का नसते" म्हणून तोंड पाडून बसतं, ते बघून बघून बायको म्हणाली, यंदा आणूनच टाक.

आणूनच टाक! दुकानात जाऊन बघा मग. फ्री रेंज, ऑरगॅनिक, हेरिटेज, फ्रेश, फ्रोझन. एकीवर मोठ्या अक्षरात 'नो हॉर्मोन्स' आणि म्हणून चार डॉलर जास्त. अरे अमेरिकेत कोंबडी-टर्कीला हॉर्मोन्स द्यायला मुळात बंदीच आहे, म्हणजे शेजारची गप्प बसलेली टर्की पण तशीच, फक्त तिने जाहिरात केली नाही. 'फ्रेश' तर त्याहून भारी. २६ डिग्री फॅरनहाइटच्या खाली कधी गेली नसेल तर ती फ्रेश. पाणी ३२ ला गोठतं, तर यांचा ताजेपणा त्याच्याही सहा डिग्री खालपर्यंत चालतो. आपल्याकडे मंडईत जिवंत कोंबडीकडे बोट दाखवून "ही द्या" म्हणायची सवय, इथे सगळ्या एकाच रंगाच्या प्लास्टिकात आणि सगळ्या दगड. माणशी एक पाउंड असा हिशेब धरतात म्हणून पाहुणे मोजून सोळा पाउंडांची उचलली, म्हणजे सव्वासात किलो, आणि स्कीममध्ये फ्रोझनच बसत होती त्यामुळे बाकीचं तत्त्वज्ञान तिथेच संपलं.

घरी आलो तर आई कालनिर्णय घेऊन बसलेली. आई साताऱ्याहून आलीये, मटणातली जाणकार, तिच्या हातचं खाल्लेले लोक अजून नाव काढतात. तिने टर्की बघितली, वजन विचारलं आणि म्हणाली, "कधी करायची?"

"गुरुवारी. सत्तावीसला."

"मार्गशीर्षातला पहिला गुरुवार आहे."

संपलं. थँक्सगिव्हिंग कायम गुरुवारीच येतो हे मला माहीत होतं, मार्गशीर्ष त्याच सुमारास लागतो हेही माहीत होतं, पण २०२५ ला दोघं एकाच तारखेवर येऊन बसणार हे फक्त कालनिर्णयला माहीत. मी इतिहास काढला. म्हटलं आई, इथला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने १९३९ मध्ये दुकानदारांचा धंदा व्हावा म्हणून हा सण चक्क एक आठवडा अलीकडे ओढला होता, काही राज्यांनी ऐकलं, काहींनी नाही, शेवटी १९४१ मध्ये कायदा करून चौथा गुरुवार पक्का केला. आई म्हणाली, "मग ओढायचाच होता तर बुधवारी तरी ओढायचा." शनिवार मारुतीचा, सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा असं करत करत शुक्रवार ठरला. नाहीतरी इथे शुक्रवारी बहुतेकांना सुट्टीच असते.

बरं, तारीख पुढे गेली तरी टर्की सोमवारीच फ्रीजमध्ये ठेवावी लागते, कारण चार-पाच पाउंडांना एक दिवस असा ती वितळायचा रेट आहे. खालचा पूर्ण कप्पा तिचा. बुधवारी आई देवीचं दूध आणि फळं ठेवायला गेली आणि तिथूनच ओरडली, "हे प्रेत आधी बाहेर काढ!" बर्फाच्या कूलरमध्ये घालून गॅरेजमध्ये नेली. गुरुवारी आत कलश, कहाणी, नैवेद्य, अख्ख्या गल्लीत लोकांच्या टर्क्यांचा वास आणि आमची गॅरेजमध्ये, पोटातून अजून दगडच. मग रात्री गार पाण्याचा उपाय. पाउंडाला अर्धा तास आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदलायचं. मला दिवाळीत कोणी एवढं अभ्यंगस्नान घातलं नाही. बरं, तिला हात लावून थेट घरात यायला बंदी, त्यामुळे तिची अंघोळ झाली की माझी. बटरबॉल कंपनीची टर्कीच्या शंकांसाठी हेल्पलाइन आहे, १९८१ पासून चालू आहे, एकदा वाटलं फोन करून सोवळ्याचं विचारावं.

शुक्रवारी सकाळी नवीन भांडण. इथलं कृषी खातं म्हणतं टर्की धुवू नका, शिंतोडे उडून जंतू सगळ्या सिंकभर होतात. आई म्हणाली, "न धुता? सरकार येणारे का जेवायला?" त्यात टर्कीच्या पोटातून एक पिशवी निघाली, आत काळीज वगैरे ऐवज, शिवाय मान वेगळी. बायको ते कचऱ्यात टाकणार तेवढ्यात आईने झडप घातली.

टर्कीला दही, आलं-लसूण आणि साताऱ्याहून आलेला कांदा-लसूण मसाला चोळला, कातडीखाली बटर सारलं आणि ३२५ डिग्री फॅरनहाइटला ओव्हनमध्ये ढकलली. आई म्हणे कुकरला लाव, चार शिट्ट्यांत होईल. आमच्या कुकरात तिची एक तंगडी गेली असती फार तर. चार तास! मसाल्याची चरबी खाली ट्रेमध्ये टपकली तसा धूर झाला आणि स्मोक अलार्म बोंबलायला लागला, पोरगं खाली टॉवेल हलवतंय, मी खुर्चीवर चढून बटण शोधतोय. मूळ लोचा असा की छातीचं मांस आधी शिजतं आणि मांडीचं मागून, आणि १६५ डिग्री तर दोन्हीकडे व्हायला पाहिजे, म्हणजे मांडीची वाट बघत बसलं की छाती कोरडी ठक्क. छातीत एक प्लास्टिकचं बटण रोवलेलं असतं, शिजली की टपकन वर येतं. आईने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ बोटाने दाबून म्हणाली, "अजून अर्धा तास." थर्मामीटर पण तेच म्हणत होता.

पाहुण्यांनी छातीचा पहिला तुकडा खाल्ला आणि सगळे शांतपणे पाणी प्यायले. तेवढ्यात आईने पातेलं आणलं. मान आणि त्या पिशवीतल्या ऐवजाचा, सुक्या खोबऱ्याच्या वाटणाचा लालभडक रस्सा. पोराच्या मित्राचे बाबा आधी चमच्याने घेत होते, मग वाटीने, मग डोळ्यातून पाणी काढत त्यांनी ब्रेडच बुडवला. टर्कीबरोबरच्या अमेरिकन ग्रेव्हीकडे कोणी ढुंकूनही बघितलं नाही.

तरी निम्मी टर्की उरली. शिजवलेली तीन-चार दिवसांत संपवा म्हणतात, आणि त्यात शनिवार, सोमवार, मंगळवार गेले. राहिला रविवार. सकाळी सँडविच, दुपारी बिर्याणी, रात्री खिमा समोर आला तेव्हा पोरगं रडवेलं होऊन म्हणालं, "आजी, पिठलं कर ना."

आई तोवर कालनिर्णय चाळत होती. "ख्रिसमस पण गुरुवारीच आलाय रे. मार्गशीर्ष संपलेला असेल, पण गुरुवार तो गुरुवारच. बुधवारी करू." मी काही बोलायच्या आत म्हणाली, "ते धूड नको आणूस. नुसत्या माना मिळतात का बघ तिकडे."