गुडघा मुंबईत बदलला म्हणून दर वेळी मुंबईलाच का जायचं?

आमच्याकडे गुडघा बदलायचा म्हटलं की मुंबई, कोल्हापूर, बेळगाव नाहीतर गोवा. आता डेरवणसारखं मोठं रुग्णालय कोकणातही आहे, पण मुलगा ठाण्याला, लेक डोंबिवलीला, मग ऑपरेशनही तिकडेच होतं. ते एक वेळ ठीक. नंतरच्या फेऱ्यांचं काय? टाके काढायला या, सहा आठवड्यांनी या, तीन महिन्यांनी या. देवगडहून कणकवली स्टेशन गाठा, डब्याच्या उंच पायऱ्या नव्या गुडघ्याने चढा, रात्रभर पाय लोंबकळत ठेवून बसा. आणि तिकडे पाच मिनिटांत "छान आहे, व्यायाम चालू ठेवा." ऑपरेशननंतरच्या आठवड्यांत पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, म्हणून फार वेळ एका जागी बसू नका, असं हेच डॉक्टर बजावतात. मग चारशेहून अधिक किलोमीटर बसून यायला सांगतात!

मधल्या तपासण्या व्हिडिओवर व्हायला हव्यात. त्याही ओळखीने, आर्जवं करून मिळालेल्या नकोत. तारखेसकट डिस्चार्ज कार्डावरच लिहून द्याव्यात.

नियमांची आडकाठी नाही. टेलिमेडिसिनची, म्हणजे फोन-व्हिडिओवरून रुग्ण तपासण्याची, मार्गदर्शक तत्त्वं २५ मार्च २०२० ला, म्हणजे लॉकडाऊनच्या पहिल्याच दिवशी आली. डॉक्टरांनी एकदा समोर तपासलं असेल, तर त्याच आजारासाठी सहा महिन्यांच्या आत त्यांच्याशी पुन्हा बोलणं फॉलो-अप धरलं जातं. व्हिडिओ, साधा फोन, लेखी मेसेज, तिन्ही चालतात. डॉक्टरांना फी घेता येते आणि ती त्यांनी जरूर घ्यावी, फुकट काम कोणी का करावं? अंमली पदार्थ कायद्याखाली येणारी औषधं मात्र अशी लिहून देता येत नाहीत. दुखण्यावर सर्रास दिलं जाणारं ट्रॅमाडॉल त्यातलंच.

माझ्या आईचा एक गुडघा बदललाय. व्हिडिओवर तपासणार म्हटल्यावर तिचा पहिला प्रश्न, "डॉक्टर फोनातसून गुडघो कसो दाबतलो?" प्रश्न बिनतोड आहे, त्याकडे येतोच. पण आधी फोनवर काय दिसलं ते सांगतो. माजघरात अंधार, म्हणून पडवीत खुर्ची टाकली आणि फोन गुडघ्याच्या उंचीवर, बाजूने धरला. समोरून धरला तर पाय किती वाकतो ते कळतच नाही. जखम कोरडी आहे, पाय पूर्ण सरळ होतो का, चालताना लंगडते का, सगळं दिसलं. आणि दवाखान्यात कधीच दिसलं नसतं तेही दिसलं: खळ्यात, म्हणजे अंगणात, उतरायच्या चिऱ्याच्या पायऱ्या, त्यांना नसलेला कठडा, आणि कोपऱ्यातला आडाळो, म्हणजे जमिनीलगत बसून नारळ खोवायची विळी. "त्यावर कोण बसतं?" डॉक्टरांनी विचारलं. आई गप्प. मग कठडा लावून घ्या, चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी, आणि नारळ खोवायचं यंत्र टेबलावर, अशी यादी आली. मुंबईच्या केबिनमध्ये बसून डॉक्टरांना आमचं घर असं कधी बघायला मिळालं असतं?

आता दाबण्याचं. पोटरी दाबल्यावर दुखते का, गुडघा गरम लागतो का, सांधा बाजूला हलतो का, हे कॅमेऱ्याला कळत नाही. जखमेतून पू किंवा पाणी येणं, ताप, अचानक सुजलेली पोटरी यांसाठी व्हिडिओची वेळ मागत बसू नये, जवळचं रुग्णालय गाठावं. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर सरळ १०८ लावावा. एक्स-रे कणकवलीत काढता येतो, पण फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून काढलेल्या फोटोवरून डॉक्टर काय बघणार? डिजिटल फाइल मागून घ्या, सेंटरवाले देतात.

म्हणून या टोकाला एक माहीतगार हात लागतो. तालुक्याचा फिजिओथेरपिस्ट, नाहीतर उपकेंद्रातल्या सिस्टर. त्यांनी कोनमापकाने वाक मोजायचा, पोटरी दाबून बघायची, आणि फोनवर डॉक्टरांना सांगायचं. ई-संजीवनी ही सरकारी सेवा मोफत आहे, साध्या दुखण्याखुपण्याला चांगली, पण तिथे बोलणाऱ्या डॉक्टरांनी तुमचा गुडघा उघडून पाहिलेला नसतो. ज्यांनी ऑपरेशन केलं ते आणि इथला फिजिओ, या दोघांची गाठ ऑपरेशनच्या आधीच घालून द्यायला हवी. आज ते काम घरातल्या मुलाने व्हॉट्सअ‍ॅपवर करायचं असतं. मुलगा परगावी असेल आणि घरी दोन म्हातारी माणसंच असतील तर? फिजिओचे पैसेही ऑपरेशनच्या पॅकेजमध्ये धरावेत, कारण फोनवरच्या तपासणीतली अर्धी मेहनत त्याचीच.

रेंजचं रडगाणं वेगळं. वर सड्यावर चार काड्या, खाली वाडीत एक, आणि आषाढात लाइटच नाही. अशा दिवशी साध्या फोनवर बोला, जखमेचा फोटो आदल्या दिवशी पाठवून ठेवा. तेही नियमात बसतं.

वर्षाची तपासणी मात्र समोरासमोर, याबद्दल माझं दुमत नाही. आईची ती गणपतीनंतर येते. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, आणि खालचाच बर्थ हवा म्हणून तिने आत्तापासून माझ्यामागे तगादा लावलाय.