‘एक जुना वादक’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर : ३० मिलिमीटर, बांगडे आणि कमरेचे नारळ

गिटार वाजवणाऱ्याने पहिले मँडोलिन कोणते घ्यावे, या माझ्या गेल्या लेखावर ‘एक जुना वादक’ या नावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी गोषवारा देतो. ए आकाराचे (साध्या, थेंबासारख्या अंगाचे), वरची फळी अखंड लाकडाची असलेले आणि ३० मिलिमीटर रुंद नटाचे मँडोलिन घ्यावे, असे मी सुचवले होते. नट म्हणजे बोटे फिरवायच्या पट्टीच्या वरच्या टोकाचा, तारांच्या खाचा असलेला आडवा तुकडा. प्रतिक्रियेचे म्हणणे असे की नटाची रुंदी गौण आहे, आधी तारांची उंची आणि ब्रिजची (फळीवर तारा उचलून धरणाऱ्या घोडीची) जागा पाहावी. कोकणातल्या पावसात नवशिक्याच्या हाती अखंड लाकूड देऊ नये, प्लायचे वाद्य बरे. आणि जोडतारांचा (एका स्वराच्या दोन-दोन तारांचा) एवढा आग्रह तरी कशाला, कर्नाटक संगीत मँडोलिनवर वाजवणारे यू. श्रीनिवास तर एकेरी तारांवर वाजवत होते. इथवर वाद घालण्यासारखे होते, आणि वादाला माझी कधीच ना नसते. पण त्यापुढे आपण लिहिता : “गिटारवाल्याने रुंद पट्टीचे मँडोलिन मागणे म्हणजे कमरेला नारळ बांधून पोहणे. लेखकाने बहुधा दुकानात उभ्याउभ्या दहा मिनिटे वाजवून हा लेख पाडला असावा.”

प्रथम माझी चूक कबूल करतो, कारण चूक कबूल करण्यात मला कमीपणा वाटत नाही. लेखात एके ठिकाणी ‘३० मिलिमीटर’ऐवजी ‘३० सेंटीमीटर’ असे पडले होते. ते वाक्य आज सकाळी दुरुस्त केले आहे आणि लक्षात आणून दिल्याबद्दल आपले आभार मानतो. मात्र ‘एवढ्या पट्टीवर बांगडे वाळत घालता येतील’ ही पुस्ती जोडण्याची काय गरज होती, हे मला उमगले नाही. लेखात अन्य चार ठिकाणी तोच आकडा मिलिमीटरमध्ये बरोबर दिलेला आहे. ज्याला समजून घ्यायचे होते त्याला ते समजले असते. आणि बांगडे आधी मिठात घालावे लागतात, ते नुसते वाळत घातले तर कुजतात, हेही जाता जाता नोंदवतो.

आता नारळांकडे वळतो. कमरेला नारळ बांधून पोहायला शिकणे हे हिणवण्याचे उदाहरण कसे होऊ शकते, आणि तेही किनारपट्टीवर राहणाऱ्या माणसाकडून, याचे मला खरोखर नवल वाटते. वयाच्या आठव्या वर्षी, मे महिन्याच्या सुट्टीत, मामाने दोन असोले सुके नारळ काथ्याने जोडून माझ्या कमरेला बांधले आणि मला विहिरीत सोडले. पहिले चार दिवस मी पायरीचा दगड सोडला नाही. पंधरवड्यानंतर मामाने काथ्या थोडा सैल केला, मग एक नारळ काढला, आणि जूनचा पहिला पाऊस येण्याआधी दुसराही काढला. नारळ काढल्यावर मी बुडालो नाही, कारण तोवर पाय मारण्याची सवय अंगात मुरली होती. पुढे वेंगुर्ल्याच्या बंदरात नांगरलेल्या होड्यांपर्यंत मी रोज पोहत जात असे. नारळाविना एकदम ढकललेल्या माझ्या चुलतभावाने मात्र त्यानंतर विहिरीचे तोंड पाहिले नाही. आज तो पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ आहे आणि त्याला पोहता येत नाही. तेव्हा उपमा आपण माझ्या विरोधात दिलीत खरी, पण ती माझ्याच बाजूने साक्ष देते आहे.

रुंद नटाचा नेमका उपयोग काय, हे लेखात मी दोन ओळींत उरकले होते. आता सविस्तर लिहितो, म्हणजे दहा मिनिटांचा आरोपही परस्पर निकालात निघेल. गिटारचा नट साधारण ४३ मिलिमीटरचा असतो आणि त्यावर सहा तारा असतात, म्हणजे शेजारच्या दोन तारांमध्ये सात मिलिमीटरच्या वर अंतर मिळते. मँडोलिनवर आठ तारांच्या चार जोड्या, त्याही बहुधा २८ ते २९ मिलिमीटरच्या नटावर. जोडीतल्या दोन तारांत सुमारे दोन मिलिमीटर अंतर धरले, तर एका जोडीपासून दुसऱ्या जोडीपर्यंत मोकळी जागा उरते ती जेमतेम सव्वापाच मिलिमीटर. हे आकडे मी पुस्तकातून उचललेले नाहीत. माझ्याकडच्या दोन मँडोलिनांवर सुताराचा व्हर्नियर लावून मोजलेले आहेत. ३० मिलिमीटरच्या नटावर हेच अंतर पावणेसहापर्यंत जाते. आपण म्हणाल, अर्ध्या मिलिमीटरने काय होते? आपण सी कॉर्ड (एकदम छेडायचा स्वरसमूह) धरून पाहावा. मँडोलिनच्या जोड्या जाड बाजूकडून जी, डी, ए, ई अशा असतात. जीची जोडी मोकळी, डीवर दुसरा फ्रेट (पट्टीवरची आडवी धातूची रेघ), एवर तिसरा, आणि ईची जोडी मोकळी. एच्या तिसऱ्या फ्रेटवर ठेवलेल्या बोटाचा मांसल कडा ईच्या जोडीला किंचित जरी टेकला, तरी सर्वांत वरचा स्वर मरतो आणि त्या जागी नुसते ‘टक्’ ऐकू येते. गिटारवर ज्याची बोटे दहा वर्षे सात मिलिमीटरच्या जागेत वावरली आहेत, त्याला ते ‘टक्’ का येते हेच कळत नाही. तो आणखी जोरात दाबतो, बोट आणखी पसरते, आणि ‘टक्’ आणखी स्पष्ट होते.

हात तिरका धरावा, व्हायोलिनवाले धरतात तसा, हे मलाही ठाऊक आहे आणि ते मी लेखात लिहिलेही होते. पण ती सवय लागायला महिने जातात, आणि त्या महिन्यांत माणूस टिकला पाहिजे. गिटारवाल्याची अडचण अशी की त्याला सुरुवातीला सगळे ओळखीचे वाटते. गिटारच्या जाड बाजूच्या चार तारा ई, ए, डी, जी. त्याच मँडोलिनवर उलट्या क्रमाने जी, डी, ए, ई. गिटारवरचा जी कॉर्ड त्या चार तारांवर ३-२-०-० (आकडे फ्रेटचे, ० म्हणजे मोकळी तार) असा धरतात, तोच मँडोलिनवर उलटून ०-०-२-३ होतो. ई मायनर तर दोन्हीकडे ०-२-२-० आहे. पहिल्या संध्याकाळीच दोन कॉर्ड हाती येतात आणि त्याला वाटते की आपण जिंकलो. दुसऱ्या संध्याकाळी तो सी धरतो. तिसऱ्या आठवड्यात वाद्य कपाटावर जाते. जाणकार मंडळी या माणसाला ‘सराव करा’ म्हणतात. मी त्याला अर्धा मिलिमीटर जागा देतो.

आता माझा स्वतःचा अनुभव, कारण आपण तो नाहीच असे गृहीत धरले आहे. मी १९८५ पासून गिटार वाजवतो. गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रांत वाजवली, लग्नांत वाजवली, आणि वीज गेल्यावर पेट्रोमॅक्सच्या उजेडातही वाजवली. १९९६ च्या मे महिन्यात म्हापशाला जाऊन मी पहिले मँडोलिन घेतले. दुकानदाराने ते खोक्यातून काढून, पुसून, माझ्या हाती दिले, आणि मी ते २८ मिलिमीटर नटाचे वाद्य आनंदाने छातीशी धरून एस.टी.ने परत आणले. सहा महिने मी त्याच्याशी झगडलो. बोटांच्या टोकांवर गिटारने आलेले घट्टे असूनही ईची जोडी पुन्हा चिरे पाडत असे. सी कॉर्ड एकदाही स्वच्छ वाजला नाही. शेवटी ते माळ्यावर गेले आणि तीन वर्षे तिथेच राहिले. खाली उतरले ते एका व्हायोलिन दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांमुळे. त्यांनी नटाच्या खाचा कानशीने घासून खोल केल्या, ब्रिज जवळजवळ तीन मिलिमीटर सरकवला आणि ‘आता बघ’ म्हणून माझ्याकडे दिले. पण तोवर माझा उत्साह ओसरला होता. मी खऱ्या अर्थाने मँडोलिन वाजवू लागलो तो २००१ मध्ये ३० मिलिमीटरचे वाद्य हाती आल्यावरच. ते जुने वाद्य आता माझी भाची वाजवते, आणि तिची काही तक्रार नाही, पण तिची बोटे बारीक आहेत. अकरा वर्षांची गिटार, पाच वर्षांचे मँडोलिनचे वनवासपर्व आणि त्यानंतरची वीसहून अधिक वर्षे, यांची बेरीज दहा मिनिटे होत नाही, एवढेच मला नम्रपणे सांगायचे आहे.

उरलेल्या मुद्द्यांना थोडक्यात उत्तर देतो. तारांची उंची आणि ब्रिजची जागा आधी पाहावी, हे खरे. पण ते प्रत्येक वाद्याला लागू आहे आणि त्यासाठी वेगळी प्रतिक्रिया लिहिण्याचे प्रयोजन मला दिसत नाही. मँडोलिनचा ब्रिज चिकटवलेला नसतो, तारांच्या दाबाने जागी राहतो, हे कुणालाही ठाऊक असते. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, नुसते बोट टेकवून काढलेला स्वर) आणि त्याच फ्रेटवर दाबून वाजवलेला स्वर एक येतात का, ते ट्यूनरवर पाहावे. दाबलेला स्वर चढा येत असेल तर ब्रिज टेलपीसकडे (तारा अडकवलेल्या टोकाकडे) सरकवावा, उतरलेला येत असेल तर नटाकडे. दोन मिनिटांचे काम आहे.

अखंड लाकडाबद्दल तर आपण पावसाची फारच भीती घातली आहे. आमच्याकडे मृगापासून हस्तापर्यंत जो पाऊस पडतो तो काही मला नवा नाही. माझ्या मँडोलिनची वरची फळी आषाढात थोडी फुगते, तारा वर येतात, मग मी ब्रिजच्या चकत्या फिरवून तो खाली करतो, आणि दिवाळीनंतर पुन्हा वर घेतो. श्रावणात एकदा पाठीच्या कडेचा सांधा किंचित सुटला होता, तो चिकटवून घेतला. खाऱ्या हवेने तारा गंजतात, त्या दर दीड महिन्याने बदलतो. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो आणि त्या महिन्यातून एकदा तव्यावर गरम करून घेतो. एवढी साधी निगा ज्याला जमत नाही त्याने प्लायचे घ्यावे, माझी हरकत नाही. अखंड लाकडाचा आवाज वर्षागणिक मोकळा होत जातो, तो आनंद त्याला मिळणार नाही, इतकेच.

श्रीनिवास यांचे नाव आपण घेतलेत, म्हणून सांगतो. त्यांच्या वाद्यापुढे मी नतमस्तक आहे, पण ते विजेवर चालणारे, पाच एकेरी तारांचे मँडोलिन होते आणि त्यावर त्यांना कर्नाटक संगीतातली गमके काढायची होती. गमकाला तार आडवी ओढावी लागते. जोडी ओढली तर दोन्ही तारा सारख्या चढत नाहीत आणि स्वर फाटतो. ज्याला तो मार्ग धरायचा आहे त्याने अवश्य एकेरी तारा लावाव्यात. माझा लेख मात्र ज्याच्या मनात जुन्या हिंदी गाण्यांतला तो थरथरता, लांबवलेला स्वर आहे अशा माणसासाठी होता. सज्जाद हुसेन आणि लक्ष्मीकांत हे दोघेही संगीतकार म्हणून ओळखले जातात, पण दोघेही मुळात मँडोलिनवर हात बसलेले वादक. तो स्वर जोडतारांवर प्लेक्ट्रम (तारा छेडायची चकती) भराभर फिरवूनच निघतो. त्यासाठी गिटारवाल्याने आपला पातळ प्लेक्ट्रम सोडून सव्वा ते दीड मिलिमीटर जाडीचा घ्यावा, हे लेखात लिहायचे राहून गेले होते. ते आपण दाखवले असते तर मला अधिक आनंद झाला असता.

एफ आकाराविषयी (अंगाच्या वरच्या कोपऱ्याला लाकडी गुंडाळी असलेल्या मँडोलिनाविषयी) आपण काही म्हटलेले नाही, म्हणजे तिथे आपले एकमत आहे असे मी समजतो. गिब्सन या अमेरिकन वाद्यकंपनीत लॉइड लोअर यांच्या काळात, १९२२ च्या सुमारास, एफ-५ आले, अमेरिकन मँडोलिनवादक बिल मन्रो यांनी त्या जातीचे १९२३ मधले एक वाद्य पुढे अनेक दशके वाजवले, आणि तेव्हापासून सगळ्यांना ती नक्षीदार गुंडाळी हवी असते. मांडीवर ते जरा घट्ट बसते, हे मान्य. पण ए आकाराला पट्टा लावला की तोही जागचा हलत नाही, आणि गुंडाळीचे पैसे लाकडात घालता येतात.

राहता राहिला आपल्या नावाचा प्रश्न. ‘जुना’ म्हणजे किती जुना, आणि ‘वादक’ म्हणजे कशाचा, यातले काहीच आपण लिहिलेले नाही. मी माझी वर्षे, माझे वाद्य, माझ्या मामाची विहीरसुद्धा लिहिली. आपण गिटारवरून मँडोलिनवर आला आहात की थेट मँडोलिनवरच बसलात, हेही प्रतिक्रियेतून समजत नाही. दुसरे खरे असेल, तर नटाची रुंदी आपल्याला गौण का वाटते याचा उलगडा आपोआप होतो. यापुढे लिहिलेत तर अवश्य उत्तर देईन. मात्र त्याआधी आपल्या मँडोलिनच्या नटाची रुंदी मोजून कळवावी. मिलिमीटरमध्ये कळवलीत तरी चालेल.