हॉल मागायला जाताना 'गेमिंग' हा शब्द खिशात ठेवा

टेकन (मारामारीचा) किंवा एफसी (फुटबॉलचा) अशा व्हिडिओ गेमची स्पर्धा भरवायची ठरली की पोरं आधी पोस्टर करतात, इन्स्टावर तारीख टाकतात आणि मग जागा शोधत फिरतात. तारीख जाहीर झालीय हे मालकाला कळलं की भाडं कमी व्हायचा प्रश्नच मिटला. आधी जागा, मग पोस्टर.

आणि 'गेमिंग' हा शब्द निदान पहिली पाच मिनिटं खिशात राहू द्या. मालकाच्या कानाला तो रमी, सट्टा असाच ऐकू येतो. 2025च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी आली, एवढं त्याने वाचलेलं असतं. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, वेगळं धरलंय, तिथवर कोण वाचतंय! 'गेम झोन' म्हणालात तर मे 2024ची राजकोटची आग आठवते, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. म्हणून सरळ सांगा: "कॅरमसारखीच स्पर्धा, फक्त टीव्हीवर. 32 मुलं, चार टीव्ही, पैज नाही, दारू नाही, चारला हॉल रिकामा." कॅरम म्हटलं की चेहरा जरा सैल होतो.

कधी विचारायचं? मंगल कार्यालय असेल तर चातुर्मासात किंवा पौषात. हल्ली काढीव मुहूर्त निघतात, तरी बुकिंगची वही बरीच कोरी असते. कॅफेवाल्याला जेवणाच्या गर्दीत गाठू नका. दुपारी साडेतीनला जा, आणि गल्ल्यावरच्या पोराला नव्हे, मालकाला भेटा. रविवारची संध्याकाळ मागूच नका, ती त्याची कमाईची वेळ. सकाळी नऊ ते चार मागा.

हे तास हवेत काढू नका. डबल एलिमिनेशनमध्ये, म्हणजे दोनदा हरल्यावरच बाद, 32 खेळाडूंचे 62 सामने होतात; तोवर न हरलेला गडी फायनलला हरला आणि ती पुन्हा खेळवावी लागली तर 63. टेकनचा बेस्ट ऑफ थ्री (तीनपैकी दोन डाव जिंकेल तो पुढे), खुर्च्यांची अदलाबदल धरून, साधारण 10 मिनिटं. चार टीव्हींवर हिशोबाने अडीच तासांत उरकायला हवं. पण शेवटचे सामने एकामागून एक एकाच टीव्हीवर चालतात, कोणीतरी उशिरा उगवतो, म्हणून चार तास धरा. मांडामांड आणि आवराआवर मिळून दोन. मालकाला सात सांगा आणि सहात आटपा.

कॅफेवाल्याची खरी भीती म्हणजे एका कटिंगवर पोरं दिवसभर बसणार. त्यावर कूपन हा सगळ्यात सोपा उतारा. प्रवेश फी 300 ठेवा, त्यातले 150 खाण्याच्या कूपनचे. 32 जणांचे 4,800 रुपये आदल्या दिवशी त्याच्या हातात ठेवा आणि भाडं माफ करायला सांगा. "सर, तुमची जाहिरात होईल" हे वाक्य मात्र कृपा करून टाळा. ते त्याने शंभरदा ऐकलंय. कार्यालयात गोष्ट वेगळी. तिथे केटरर ठरलेला असतो, बाहेरचे वडापाव चालतात का हे आधीच विचारा. भाडं जीएसटी धरून की वर 18 टक्के, डिपॉझिट कधी परत, जनरेटरचं डिझेल कोणाच्या खात्यात, हेही लिहून घ्या.

आता वीज, कारण स्पर्धा बहुतेक इथेच आपटते. पीएस5 हा कन्सोल गेम चालू असताना 200 वॉटच्या आसपास घेतो, 43 इंची टीव्ही 100 धरा. चार सेटचे झाले 1,200. भिंतीतला 6 अँपिअरचा पॉइंट 1,380 पर्यंत जातो, म्हणून एका एक्स्टेंशनवर भागेल असं वाटतं. मग कोणी त्यातच फोन लावतो, कोणी उभा पंखा, किचनमधली किटली त्याच लाइनवर निघते, आणि सेमीफायनलला एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) पडतो. दोन सेट एका लाइनवर, दोन दुसऱ्या. कुठला पॉइंट कुठल्या लाइनवर ते बघायला वायरमनसमोर एकेक एमसीबी खाली करा, 1,000 वॉटची इस्त्री लावून बघा. मालकालाही बरं वाटतं की पोरांना काही कळतं. पीसीची स्पर्धा असेल तर हिशोबच बदलतो: 500 वॉटचे दहा पीसी म्हणजे 22 अँपिअर, एका 16च्या एमसीबीवर अशक्य. महावितरणचा देखभालीचा वारही विचारून ठेवा.

हॉलचा प्रोजेक्टर फुकट मिळतोय म्हणून त्यावर सामने लावू नका. बटण दाबल्यावर चित्र उशिरा हलतं आणि भांडणं होतात. तो प्रेक्षकांसाठी. गेमचे अपडेट आदल्या रात्री घरच्या वायफायवर. कंट्रोलर केबलने जोडा आणि सेटिंगमध्येही केबलच निवडा. नाहीतर हरलेला गडी कंट्रोलर घेऊन चहाला जातो, तिथे चुकून बटण दाबतो आणि पुढच्यांचा सामना मध्येच थांबतो.

हे सगळं एका पानावर मराठीत लिहून न्या: वार, वेळ, माणसं, वॉट, झाडलोट कोण करणार, कोणाचा फोन लागेल. मोकळा राहणारा दरवाजा आणि अग्निशामक नळकांडं कुठे, तेही. पिच डेक, स्लाइड्स वगैरे नको, कार्यालयाचा मॅनेजर ते फोनवर उघडत नाही.

वायरी जमिनीला, भिंतीला पेपर टेपने चिकटवा. सेलोटेपने भिंतीचा रंग निघतो आणि डिपॉझिट तिथेच अडकतं. आत शिरताना भिंतींचे फोटो काढा, खुर्च्या मोजा; निघताना मॅनेजरला बरोबर घेऊन पुन्हा मोजा.