मोझार्ट ऐकून बाळ हुशार होतं?

'गर्भवतीने मोझार्ट ऐकावा, बाळाचा बुद्ध्यांक वाढतो. नेचरमध्ये सिद्ध झालंय,' असा मेसेज फिरतोय. नेचर या विज्ञान नियतकालिकात १९९३ साली लेख आला होता, हे खरं. पण त्यात ना गर्भवती होत्या, ना बाळं. कॅलिफोर्नियातले ३६ कॉलेजचे विद्यार्थी होते. दहा मिनिटं मोझार्टचा दोन पियानोंचा सोनाटा (एक वाद्यरचना) ऐकून त्यांनी कागदाच्या घड्या ओळखण्यासारखी कोडी सोडवली. गुण आठ-नऊने वाढलेले दिसले, आणि तो परिणाम पंधराएक मिनिटांत ओसरला. हे त्याच लेखात लिहिलंय! मेसेजमधून मात्र ते गळलं.

पुढे इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला, तेव्हा अनेकांच्या हाती काही लागलं नाही. व्हिएन्नातल्या संशोधकांनी २०१० मध्ये सुमारे ४० अभ्यास, तीन हजारांहून अधिक माणसं, एकत्र तपासली. फरक किरकोळ निघाला, आणि दुसरं कुठलं संगीत ऐकवलं तरी जवळपास तेवढाच. शिवाय मूळ गटाशी संबंधित प्रयोगशाळांचे आकडे इतरांपेक्षा मोठे होते. मला तरी हीच गोष्ट सगळ्यात बोलकी वाटते.

आवडत असेल तर मोझार्ट जरूर ऐका, किंवा भीमसेन जोशी. फक्त 'बुद्धिवर्धक' म्हणून सीडी विकत घेऊ नका.