‘पर्यटकाचं प्रवचन’? एका प्रतिक्रियेला उत्तर

जावा बेटाच्या जावानीज भाषेत बोलताना लहान-मोठं सांभाळावं लागतं, आणि इंडोनेशियानं ती सोडून मलयच्या पायावरची इंडोनेशियन राष्ट्रभाषा केली, यावरच्या माझ्या मागच्या लेखाखाली एका वाचकांनी प्रतिक्रिया टाकली आहे. नाव दिलेलं नाही, मीही विचारणार नाही. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: ‘लेखक महाशय, चार दिवस वायांगच्या (तिथल्या छायानाट्याच्या) बाहुल्या बघून आलेल्या पर्यटकाचं हे प्रवचन आहे. जावानीज बोलणारे सर्वांत जास्त असूनही मलय ही राष्ट्रभाषा सगळ्यांनी खुशीनं मान्य केली, हा भाबडेपणा. राज्य शेवटी जावावाल्यांनीच केलं. इस्लामबद्दल काही नाही. पासष्टची कत्तल नाही, पापुआ नाही, चिन्यांवरची बंदी नाही. आणि गणपतीची नोट कधीच बंद झाली.’

आधी नोटेचं. तुमचं बरोबर आहे. गणपतीचं चित्र असलेली वीस हजार रुपियाची ती नोट १९९८ची, २००८च्या अखेरीस ती चलनातून काढली. मी ‘आजही’ असं लिहिलं होतं, तो शब्द काढला आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोवर विसंबलो. चूक माझी.

आता ‘महाशय’. हा शब्द मराठीत कोण, कधी आणि कोणत्या सुरात वापरतं हे तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. आदराचा शब्द वापरून माणसाला खाली बसवायची सोय आपल्या भाषेत आहे, तुम्ही ती वापरलीत. गंमत अशी की, माझा लेख नेमका याच गोष्टीवर होता.

आणि पर्यटक? इचलकरंजीच्या सूतगिरणीतून मी १९९४ साली जावातल्या सोलो शहराजवळच्या एका गिरणीत मेंटेनन्सला गेलो, तो १९९७च्या डिसेंबरात, रुपिया गडगडत असताना परतलो. साडेतीन वर्षं तिथल्या कॅन्टीनमध्ये जेवलोय. पर्यटक इतके दिवस तेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या) खात नाहीत.

जावानीजमध्ये ‘खाणे’ या एका क्रियेला समोरच्या माणसाप्रमाणे वेगवेगळे शब्द. बरोबरीच्याशी ‘मंगान’, जरा अदबीनं ‘नेधा’, आणि मोठ्या माणसाच्या खाण्याबद्दल बोलायचं तर ‘धहार’. आपलं तू, तुम्ही, आपण यावर भागतं; तिथे अर्धं वाक्यच बदलतं. आमच्या रिंगफ्रेम खात्यात योग्यकर्त्याहून चोवीस वर्षांचा इंजिनिअर आला. त्याच्या हाताखालचा जॉबर पंचावन्नचा. वयानं जॉबर मोठा, हुद्द्यानं पोरगा. कोणी कोणाला वरचं बोलायचं? दोन दिवस दोघंही वाक्य सुरू करायचे आणि मध्येच सोडून मशीनकडे बोट दाखवायचे. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पोरानं विचारलं, ‘सुदाह माकान, पाक?’ जेवलात का, काका. शुद्ध इंडोनेशियन. जॉबरचा चेहरा असा मोकळा झाला की विचारू नका. दोघंही जावाचे, दोघांची मायबोली एक, आणि संसार चालला तिसऱ्याच भाषेत.

हे मी पाहिलं आहे. तुम्ही कुठे पाहिलंत?

२८ ऑक्टोबर १९२८ला बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, तरुणांनी शपथ घेतली: एक मायभूमी, एक राष्ट्र, आणि भाषा इंडोनेशियन. या भाषेचा पाया मलय, आणि मलय ही मोजक्याच लोकांची मायबोली. पण बंदराबंदरांतून सौदे व्हायचे ते तिच्यातच. ‘खुशीनं’ या माझ्या शब्दाला तुम्ही धरून बसलात. ठीक आहे, सगळे नाचत आले नाहीत. १९४२ साली जपान्यांनी डच भाषेवर बंदी घातली, तेव्हा कचेऱ्यांत आणि शाळांत हिला आपोआप जागा मिळाली. तरी सर्वांत मोठ्या गटानं आपली भाषा पुढे रेटली नाही, हे तर खरं ना?

शेजारी बघा. मार्च १९४८ला जीनांनी ढाक्यात सांगितलं, राज्यभाषा उर्दू आणि उर्दूच. १९५२च्या २१ फेब्रुवारीला तिथे पोरं गोळ्या खाऊन पडली, आणि १९७१ला देशच फुटला. तुम्ही लगेच म्हणाल की उर्दूही थोड्यांचीच मायबोली होती. होती की! पण ढाक्याच्या बाजारात मासळीचा भाव कोणी उर्दूत करत नव्हतं, आणि बंगाली लोक पाकिस्तानात निम्म्याहून जास्त होते. मलय आधी बाजारात होती, मग शपथेत आली. उर्दू आली ती थेट भाषणातून. ‘राज्य जावावाल्यांनीच केलं’ म्हणता, तर राष्ट्राध्यक्ष बहुतेक तिकडचेच झाले, मान्य. सत्ता त्यांची झाली, भाषा झाली नाही. यातलं नवल तुम्हाला दिसत नसेल तर मी काय करू?

इस्लामबद्दल काही नाही म्हणे. दुसरा परिच्छेद वाचायचे कष्ट घेतले असतेत तर बरं झालं असतं. २२ जून १९४५च्या जकार्ता सनदेत, म्हणजे राज्यघटनेच्या प्रस्तावनेच्या मसुद्यात, मुसलमानांनी शरियत पाळण्याचं बंधन घालणारे सात शब्द होते. १७ ऑगस्टला स्वातंत्र्य जाहीर झालं आणि दुसऱ्याच दिवशी ते शब्द गाळले. पूर्वेकडचे ख्रिस्ती बाहेर राहतील या धास्तीनं स्वातंत्र्यलढ्यातले नेते मोहम्मद हट्टा यांनी मुस्लिम पुढाऱ्यांची समजूत घातली. एवढं सगळं लिहिलं होतं, तेही सोप्या मराठीत.

राहिलं पासष्ट, पापुआ, चिनी. १९६५-६६मध्ये कम्युनिस्ट ठरवून किमान पाच लाख माणसं मारली गेली, हे मला तुमच्याकडून कळलेलं नाही. पापुआत इंडोनेशियात राहायचं का यावर १९६९ साली हजारेक निवडक माणसांकडून उरकलेलं ‘मतदान’ही ठाऊक आहे. चिनी लिपीवरची बंदी तर मी असताना चालूच होती. आमचा कॅन्टीनवाला चिनी वंशाचा, फळ्यावर मेनू लिहायचा तो रोमन अक्षरांत. पण लेख भाषेवर होता. भाजीची कृती लिहिली तर आमटी का नाही म्हणून कोणी भांडत नाही. या विषयांवर कधीतरी लिहीन. तारीख मागू नका.

तुमची प्रतिक्रिया मी उडवलेली नाही, ‘महाशय’सकट तशीच ठेवली आहे. आणि एक दुरुस्ती तुमच्याकडूनही हवी. वायांग मी चार दिवस नाही, एकच रात्र पाहिला. तो रात्रभर चालतो. मध्यरात्रीच्या आधीच मला डुलकी लागली आणि सेमार हे विदूषकाचं पात्र पडद्यावर आल्यावर शेजारी बसलेल्या त्याच जॉबरनं कोपरानं ढोसून उठवलं.